पत्रिकेत हेल्पर छापा

भालकी
५ नोव्हेंबर २०२४

अक्का,

माझं सगळं बदललं तो क्षण मी तुला नेमका सांगू शकतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हुलसूरच्या बसस्टँडमागं, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीखाली, मी वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उभा होतो. समोरून प्रतीक्षा दोन मैत्रिणींबरोबर आली. एकीनं विचारलं, "ह्यो कोण गं, तुझ्याकडंच बघायलाय?" आणि प्रतीक्षा म्हणाली, "हेल्पर हाय. लाइनमनच्या हाताखाली."

त्या दोघी हसल्या. ती हसली की नाही हे मी बघितलं नाही, कारण तोवर मी पाठ फिरवली होती. मग तिचा फोन आला, मी उचलला नाही. परत आला तेव्हा फोन खांबावर मारला. म्हणून हे पत्र. बसचे कंडक्टर पंचाक्षरी तुझ्या दारावरूनच जातात, त्यांच्याकडं देतोय. तसाही तुझा फोन सासूबाई आधी स्पीकरवर लावतात आणि मग तुला देतात. हे त्यांच्या कानावर जायला नको.

आता प्रतीक्षा कोण, ते सांगतो. हुलसूरच्या शिवाप्पांची धाकटी. आपल्या म्हाळसा आत्याच्या जावेची भाची, म्हणजे आपल्यातलीच. मी कलबुर्गीला पॉलिटेक्निकला होतो तेव्हा ती बी.ए. करत होती. शनिवारी आम्ही एकाच बसनं गावाकडं यायचो. सरांनी भर वर्गात आपल्या बापाचं नाव काढलं आणि मी वही त्यांच्या टेबलावर टाकून निघून आलो, तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, तू पण. ती एकटी म्हणाली, "ते झालं. आता फुडं काय करणार ते सांग." त्या दिवशी माझं ठरलं.

आणि तीच मला हेल्पर म्हणते. मला हा शब्दच नको, अक्का. डॉक्टरच्या हाताखाली असतो तो असिस्टंट. वकिलाच्या हाताखाली असतो तोही असिस्टंट. गवंडी, बोअरवाला, लाइनमन, यांच्या हाताखाली आला की तो हेल्पर. ज्याला बसायला खुर्ची तो असिस्टंट, ज्यानं उभं राहायचं तो हेल्पर. काम दोघांचं एकच, दुसऱ्याला हात द्यायचा. आणि आमच्याकडं तर ठेक्यावरचा हेल्पर, त्याला उभं राहायला सावलीसुद्धा स्वतःची शोधावी लागते.

दाजींना म्हणावं, मला कुठंतरी असिस्टंट करा. ऑफिस असो, दुकान असो, चालेल. आणि म्हाळसा आत्याकडून शिवाप्पांच्या कानावर सोयरीक घाल. प्रतीक्षाचं लग्न माझ्याशीच होणार आहे, त्यात बदल नाही. ती मला काय म्हणाली ते मी लग्नानंतर बघून घेईन.

तुझा
योगीराज


कलबुर्गी
१० नोव्हेंबर

योग्या,

अनेक आशीर्वाद, आणि दोन थपडा उधार.

फोन खांबावर मारलास. डोकं कामून मारलं न्हाईस, खांबाला कळलं तरी असतं. बापाचं नाव काढलं म्हणून कॉलेज सोडलंस, हेल्पर म्हणलं म्हणून फोन फोडलास. उद्या बायको म्हणेल भाजीला मीठ कमी हाय, तर तू चूल फोडशील.

आता तुझ्या शब्दाचं. मी अंगणवाडीत कोण आहे रे? कागदावर हेल्पर. खिचडी शिजवते, लेकरांना घरोघरून आणते, नाकं पुसते, झोपवते. पण इथं गल्लीत मला सगळे टीचर म्हणतात. सासूबाई तर पाहुणे आले की आधी तेच सांगतात, "सून टीचर हाय आमची." मी काय करते? पदर सारखा करते आणि चहा ठेवते. त्यात कुणाचं काय गेलं? सासूबाईंची मान वर राहते आणि मला सकाळी दहाच्या आत घरातून सोडतात. शब्द म्हणजे बाहेर जायची साडी आहे, बाळा. घरात काय नेसलंय हे कुणी विचारत न्हाई.

दाजी म्हणाले, "बघतो." म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पण तुझं काम मी केलं. म्हाळसा आत्याला सांगितलं, पोरगा लाईट ऑफिसात असिस्टंट आहे. आत्या म्हणाली, "कसला असिस्टंट गं?" मी म्हणलं, "असिस्टंट म्हंजे असिस्टंट आत्या, त्यात अन् कसला काय असतंय." तिनं तसंच पुढं सांगितलं. शिवाप्पा खूश आहेत. त्यांच्या थोरल्या जावयाच्या लग्नपत्रिकेत नावाखाली पोस्ट छापली होती, तशी धाकट्याच्या नावाखाली पण पाहिजे, एवढीच त्यांची हौस. नावाखाली जागा मोकळी राहिली की लोक पोराला कामधंदा न्हाई असंच धरतात, ते तुला मी सांगायला नको.

सुपारी आठ डिसेंबरला, रविवारी, त्यांच्या घरी. त्यांच्यात गुरप्पा काका म्हणून आहेत. ते उभं राहून सगळ्यांसमोर पोराचं नाव, गाव, पोस्ट म्हणतात, मग सुपारी फोडतात, आणि तेव्हा जे म्हणलं तेच पत्रिकेत जातं. त्या दिवशी तू फक्त मान खाली घालून बस. एवढं जमेल ना?

श्रीदेवी


भालकी
२२ नोव्हेंबर

अक्का,

तुझं पत्र आलं आणि दहा-बारा दिवस मी असिस्टंट होतो. आरशात भांग पाडला. आमच्या लाइनमननी, गुरुबसव अण्णांनी "पक्कड दे रे" म्हणलं तर दोन बोटांनी दिली. ते म्हणाले, "काय झालं, हात भाजला का?"

आता काल काय झालं ते वाच, आणि बसून वाच.

हुलसूरच्या शिवारात लाइनीवर काम होतं. आमची पद्धत तुला सांगतो. अण्णा खांबावर चढायच्या आधी मी डीपीचे तिन्ही फ्यूज काढतो आणि खिशात घालतो. डीपीवर ठेवायचे नाहीत, खाली ठेवायचे नाहीत, खिशातच. मग डीपीपाशी उभं राहायचं, अण्णा उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवत नाहीत तोवर. पाऊस येवो, साहेब येवो, जागा सोडायची नाही. अण्णा वरून खाली बघत नाहीत. मी आहे म्हणून बघत नाहीत.

काल अण्णा वर होते आणि एक माणूस उसातून तरातरा आला. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल. "मोटारीचा थ्री फेजचा टाइम जायलाय माझा. फ्यूज बसीव."

मी म्हणालो, "माणूस वर हाय."

"लाइन तिकडची हाय, माझी हिकडची. कशाला शिकवायलास मला? बसीव."

"डीपी एकच हाय."

"तू कोण?"

"हेल्पर."

"हेल्परनं येवढं बोलू न्हाई. कुणी असिस्टंट-बिसिस्टंट आसंल तर बोलीव त्याला."

मी जागचा हललो नाही. तर त्यानं कनवटीचा तांब्याच्या तारेचा तुकडा काढला. तुला माहीत आहे, इकडं सगळ्यांकडं तो असतोच. फ्यूज नसला की तार अडकवायची आणि मोटार चालू करायची. तो डीपीकडं वळला आणि मी त्याचं मनगट धरलं. जोरात धरलं. तो हिसडे द्यायला लागला. तेवढ्यात पलीकडच्या शेतातून कुणी तरी ओरडलं, "शिवाप्पा अण्णा, सोडा, पोरगं हाय ते."

शिवाप्पा. त्यांना मी याआधी कधी बघितलं नव्हतं. अक्का, मी प्रतीक्षाच्या बापाचं मनगट धरून उभा होतो. तोंडाला धुळीसाठी रुमाल बांधलेला, डोक्यावर टोपी, म्हणून त्यांनी मला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. पण मला कळलं होतं. आणि कळल्यावरही मी सोडलं नाही. तार काढून घेतली, उसात फेकली आणि मग मनगट सोडलं. ते शिव्या देत गेले. अण्णा उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "काय गडबड चालली होती रे खाली?" मी म्हणालो, काही नाही.

रात्रभर विचार केला. त्या जागी खुर्चीतला असिस्टंट असता तर त्यानं काय केलं असतं मला माहीत नाही. मी काय केलं ते मला माहीत आहे. हेल्पर म्हणजे कुणीतरी वर आहे आणि त्याला खाली बघावं लागत नाही. आता कुणी तो शब्द उच्चारला तर माझी मान खाली जाणार नाही. तुझी साडी तुलाच ठेव. आणि टीचरबाई, तुमच्या अंगणवाडीत खिचडी कोण शिजवतं ते एकदा सासूबाईंना सांगा की.

पण आठ तारखेचं काय? त्यांनी मला ओळखलं तर?

योगीराज


कलबुर्गी
२७ नोव्हेंबर

योगीराज,

ती टीचरबाईची ओळ वाचून पत्र फाडणार होते. तुझं लग्न आहे म्हणून फाडलं न्हाई.

तुझ्या पाठीमागं बायको न्हाई, सासू न्हाई, लेकरू न्हाई. तुला तुझा शब्द छातीवर लावून फिरता येतं. मी हेल्पर म्हणून सांगितलं असतं तर लग्नानंतर या घरातून बाहेर पाय टाकू दिला नसता. सासूबाईंनी शेजारच्या चन्नव्वाला म्हणलेलं मी ऐकलंय, "लोकांची नाकं पुसायला सून आणली का?" टीचर म्हणलं म्हणून मी आज त्या लेकरांपाशी आहे. तुला काय वाटलं, मला लाज वाटते? दुपारी पंगत बसली की सगळी लेकरं माझ्याकडं बघतात, खऱ्या टीचरबाईकडं न्हाई. ते मला पुरतं. तू तुझ्या खांबाचं मला सांगू नको.

राग संपला. आता ऐक.

मिशी काढ. केस बारीक कर. पांढरा शर्ट घाल, निळा नको, लाईटवाले घालतात. बोलायचं न्हाईच, आणि बोलायची वेळ आली तर हळू बोल, तू त्या दिवशी वरच्या पट्टीत बोलला असशील. त्यातूनही ओळखलंच, तर लगेच पाया पड आणि म्हण, मामा, मला माहीत न्हवतं तुम्ही कोण ते. माहीत असतं तर हात लावला नसता. मोठ्या माणसाला एवढंच पाहिजे असतं. तुला कळलं होतं, हे मला सांगितलंस तेवढं पुरे. दुसऱ्या कुणाला सांगू नको.

मी येणार न्हाई. जीपमध्ये दाजींच्या सहा मित्रांना जागा आहे, बहिणीला न्हाई. म्हाळसा आत्या असेल. तिच्या जवळ बस, ती चिमटा काढायला हुशार आहे.

पोरगी पाहिजे का शब्द पाहिजे, ते जीपमध्ये बसायच्या आधी ठरव.

श्रीदेवी


हुलसूर
४ डिसेंबर

योगीराज,

तुझा फोन लागत न्हाई, आणि सोयरीक बोलल्यापासून माझा अप्पांच्या खिशात आहे. गुरुबसव काका मीटर बघायला आले होते, त्यांच्या हाती हे देते. त्यांनी विचारलं, "आत काय हाय?" मी म्हणलं, "बिल." ते म्हणाले, "आसंल, आसंल."

डीपीखाली तू पाठ फिरवून गेलास. दोन पावलं थांबला असतास तर पुढचं पण ऐकलं असतंस. पोरी हसल्या, तर मी त्यांना म्हणलं, तुमच्या घरात पंखा फिरतो तो याच्यामुळं फिरतो. तू हेल्पर आहेस म्हणून हेल्पर म्हणलं. लाज वाटली असती तर म्हणलं असतं, कोण आहे कुणास ठाऊक, आणि पुढं गेले असते. तुला काय पाहिजे होतं, ते?

मी इथं आठवीच्या मुलांना शिकवायला जाते. परवा त्यांना असिस्टंटचा अर्थ विचारला. एक म्हणाला सहायक. हेल्परचा विचारला. तोच म्हणाला सहायक. कन्नडात पण तेच, मराठीत पण तेच. मग मी विचारलं, दोघांत मोठा कोण? सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, असिस्टंट. कुणी शिकवलं त्यांना, सांग.

त्या दिवशी अप्पा घरी आले ते मनगट चोळत. कुणा हेल्परनं हात धरला म्हणून दिवसभर बोलत होते. मी हळद लावली आणि मला हसू आलं, कारण असं धरणारा एकच मला माहीत आहे. मी त्यांना काही सांगितलं न्हाई. अप्पांनी गावभर सांगितलंय, जावई असिस्टंट. पण मी त्या असिस्टंटला कधी बघितलं न्हाई, त्याच्याशी बसमध्ये बोलले न्हाई. मला त्याच्याशी लग्न करायचं न्हाई.

रविवारी काय बोलायचं ते तू ठरव. तुझ्या वाटणीचं मी बोलणार न्हाई. माझ्या वाटणीचं मी बोलीन.

प्रतीक्षा


भालकी
९ डिसेंबर

अक्का,

दाजींनी तुला काल रात्रीच काहीतरी सांगितलं असेल, आणि त्यात ते स्वतः सगळ्यात शहाणे असतील. आता माझ्याकडून वाच.

मिशी काढली नाही. शर्ट पांढरा घातला, तेवढं तुझं ऐकलं.

शिवाप्पा मामांच्या पडवीत सतरंजी टाकली होती. पंचवीस-तीस माणसं. मामा माझ्यासमोरच बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, परत बघितलं, मग दाजींशी उसाच्या भावाचं बोलायला लागले. ओळखलं नव्हतं. दाजी मला कोपर मारून म्हणाले, "झालं तुझं काम." म्हाळसा आत्या माझ्या मागं, दोन बोटं माझ्या दंडावर तयार ठेवून.

गुरप्पा काका उठले. ताटात सुपारी, हळदकुंकू, नारळ. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पोराचं नाव योगीराज. गाव भालकी. लाईट ऑफिसात असिस्टंट."

मी म्हणालो, "हेल्पर."

आत्यानं चिमटा काढला. चांगला काढला, अजून काळा डाग आहे. काका म्हणाले, "काय म्हणलास बाळ?"

"हेल्पर, काका. ठेक्यावर हाय. लाइनमनच्या हाताखाली. ते म्हणा आन् तेच छापा."

दाजी हसून म्हणाले, "थट्टा करतंय, लाजाळू हाय." आणि तेव्हा मामा माझ्या आवाजाकडं वळले. हळू बोलायचं विसरलो होतो. त्यांनी आपल्या मनगटाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"तू," ते म्हणाले. "डीपीवरचा."

"व्हय."

पडवीत एकदम सगळे बोलायला लागले. कुणीतरी विचारलं, काय झालं, कुणीतरी सांगितलं, हुलसूरभर ती गोष्ट पोचलेलीच होती. गुरप्पा काका भले माणूस, त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अगदी तुझंच वाक्य म्हणाले, जणू तू चिठ्ठी धाडली होतीस. "शिवाप्पा, पोराला काय म्हाईत तुम्ही कोण ते. म्हाईत आसतं तर हात लावला आसता का? पाया पड बाळ, मिटलं."

सगळे माझ्याकडं बघत होते. आतल्या दारात प्रतीक्षा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. अक्का, पाया पडायला काय जातं. मोठे आहेत, मी पडलोही. पण उठल्यावर म्हणालो, "मला म्हाईत होतं काका. धरला तवा न्हाई. पण नाव कानावर पडलं तवा मनगट माझ्या हातातच होतं, आन् मी सोडलं न्हाई. परत तशी वेळ आली तरी सोडणार न्हाई. वर गुरुबसव अण्णा होते."

दाजींनी कपाळाला हात लावला. मामांनी मनगटावरची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "बरं. पत्रिकेत नुसतं नाव छापू. खाली काहीच नको. चालंल?"

ते माझ्यासाठी एक पायरी खाली आले होते, मला कळत होतं. आत्या मागून कुजबुजली, "हो म्हण मुडद्या." पण मोकळी जागा बघून लोक काय धरतात ते तूच लिहिलं होतंस. मी म्हणालो, "न्हाई मामा. मला काम हाय. ते तिथं लिहा."

मामा उठले आणि तडक आत गेले. दाजींचे मित्र चपला शोधायला लागले. जीपची चावी वाजली. मला वाटलं, संपलं. पण जे बोललो ते परत घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

तेव्हा प्रतीक्षानं ट्रे खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अप्पा, आज सुपारी न्हाई फुटली तर न्हाई. पण फुटली तर ह्याच शब्दानं. मला दुसरं स्थळ दाखवू नगा."

मग आतून मामांचा आवाज आला, आणि तो आमच्यापैकी कुणाशीच बोलत नव्हता. "त्या दिशी संध्याकाळी गुरुबसव आला हितं. च्या पिला. लेकीच्या बारशाचं आवतण दिलं. त्याला कपबशी देताना कळलं, मी तार लावली आसती तर ह्यो आज हितं नसता. ते माझं मला ठावं." मग मोठ्यानं, "गुरप्पा, फोडा सुपारी. काय छापायचं ते छापा. पण ते पोरगं पडवीत हाय तवर मी भाईर येणार न्हाई. आज त्याचं तोंड बघायची माझी ताकद न्हाई."

गुरप्पा काका परत उभे राहिले. म्हणाले, "नाव योगीराज. गाव भालकी. लाइनमनचा हेल्पर." आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता, मी ऐकला. त्यांनी सुपारी हातात घेतली आणि आतल्या खोलीकडं बघत थांबले. पोरीचा बाप नसताना फोडायची कशी. प्रतीक्षानं माझ्याकडं बघितलं आणि मान थोडी बाहेरच्या दाराकडं हलवली.

एवढं कळण्याइतका मी हेल्पर आहे. मी उठलो, आत्याच्या पाया पडलो, चहाचा एक कप प्रतीक्षाच्या ट्रेमधून उचलून उभ्याउभ्याच संपवला, बाहेर आलो आणि शिवाप्पा मामांना येता यावं म्हणून पडवीचं दार माझ्यामागं हळूच ओढून घेतलं.